ग्राइंडर हातात घेण्याआधी

अगं, काल रात्री साडेअकराला तुझा फोटो आला. आंबेठाणच्या मामांची शेड, चार विटांच्या थप्प्यांवर ठेवलेला जुन्या मारुती जिप्सीचा उघडा सांगाडा आणि त्यावर पिवळ्या खडूने मारलेल्या दोन रेघा. खाली लिहिलंस, "ताई, इथून सव्वा फूट उडवतेय. रविवारी. आईला सांगू नकोस." मावशीला सांगणार नाही, हा माझा शब्द. पण त्या रेघा बघून मला झोप लागली नाही. फोनवर तू "हो गं, माहितीय" म्हणत पुढचं ऐकत नाहीस, म्हणून हे सावकाश लिहून काढतेय. तूही सावकाश वाच.

पहिली गोष्ट म्हणजे जिप्सी आखूड करून बग्गी बांधायची तुझी कल्पना मला आवडली आहे. आपल्या घरातली निम्मी माणसं आकुर्डी, पिंपरी, चाकणच्या कारखान्यांत आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या जोडत आली. त्या घरातली मुलगी स्वतःची गाडी बांधायची म्हणते, यात वेडेपणा काही नाही. माझी भीती वेगळी आहे. तू कापायला निघालीस, पण मापायला अजून सुरुवातच केलेली नाहीस.

ज्या गाडीचं चित्र तू भिंतीला चिकटवलंस, तिच्यापासून सुरू करू. कॅलिफोर्नियातल्या ब्रूस मेयर्सने १९६४ मध्ये ती मॅन्क्स बग्गी बांधली. माणूस मूळचा होड्या बांधणारा, फायबरग्लासवर हात बसलेला. त्याच्या पहिल्या डझनभर गाड्यांना बीटलचा तळ नव्हताच, सगळा सांगाडा फायबरग्लासचा होता. ते काम महाग पडायला लागलं, तेव्हा त्याने फोक्सवॅगन बीटलचा तळ घेतला, मधून साडेचौदा इंच कापून काढला आणि वर आपली बॉडी बसवली. बीटलचा व्हीलबेस साडेचौऱ्याण्णव इंच, तो झाला ८० इंच. १९६७ मध्ये मॅन्क्स घेऊन मेयर्स आणि त्याचा जोडीदार मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पातून ३४ तास ४५ मिनिटांत पार गेले आणि मोटरसायकलवाल्यांचा विक्रम मोडला. तुमच्या कॉलेजात ज्या 'बाहा' स्पर्धेची गाडी बनते, तिचं नाव त्याच द्वीपकल्पावरून आलं. आणि त्या बीटलच्याच कंपनीचा कारखाना २००९ पासून आपल्या चाकणला आहे. मामांच्या शेडपासून तो फार लांब नाही.

आता बीटल कापणं सोपं का होतं, ते बघ. तिचं इंजिन मागे आणि गिअरबॉक्स त्यालाच जोडलेला. पुढून मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट नाही. तळाच्या मधोमध एक पोकळ कणा असतो, त्यातून गिअरचा दांडा, क्लच आणि अॅक्सिलरेटरच्या केबली आणि पेट्रोलची नळी जाते. तळ आखूड केला की तो दांडा, त्या केबली, नळ्या आखूड करायच्या आणि जोडायचं. तुझी जिप्सी तशी नाही. इंजिन पुढे, ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटी आणि तिथून मागच्या अॅक्सलकडे जाणारा शाफ्ट. सांगाडा कापलास की तो शाफ्टही कापावा लागणार. कापलेला शाफ्ट नुसता जोडून चालत नाही, मशीनवर फिरवून त्याचं बॅलन्सिंग करावं लागतं. नाहीतर वेग घेतला की तो थरथरतो आणि युनिव्हर्सल जॉइंट खातो. शिवाय शाफ्ट आखूड झाला आणि दोन टोकांच्या उंचीतला फरक तेवढाच राहिला, तर त्याचा तिरपेपणा वाढतो. जॉइंट किती कोनापर्यंत सुखाने फिरतो, ते आधी बघ. भोसरीत शाफ्ट बॅलन्स करून देणारी दुकानं आहेत, तिथे शाफ्ट घेऊन जा आणि आधी विचार. कापून झाल्यावर नको.

मारुती ८०० मिळाली नाही म्हणून तू हळहळत होतीस ना? बरं झालं मिळाली नाही. त्या गाडीला वेगळी चॅसी नसतेच. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा, मधून कापलीस तर हातात उरतो पत्रा. जिप्सी, जुनी जीप, सुमो, बोलेरो यांना खाली शिडीसारखी चॅसी असते. म्हणून जिप्सीची निवड तुझी बरोबर आहे.

पण सव्वा फूट चूक. आपल्याकडच्या जिप्सीचा व्हीलबेस २३७५ मिलिमीटर. याच घराण्यातली आखूड गाडी मूळ कंपनीने परदेशात विकली, तिचा २०३०. फरक ३४५ मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा इंचांच्या थोडं वर. तुझा सव्वा फूट ३८१ होतो. २०३० म्हणजे जवळजवळ ८० इंच, मेयर्सही तिथेच थांबला होता. जुन्या महिंद्रा जीपचा व्हीलबेसही ८० इंचच. तीन वेगळी माणसं तीन वेगळ्या वाटांनी एकाच मापाशी आली, तर मी तरी त्या मापाचा मान ठेवेन. कंपनीने तेवढ्या लांबीची गाडी बांधून, चालवून, विकून दाखवलेली आहे. त्याच्या खालचं माप तुझ्यासाठी कुणी तपासून ठेवलेलं नाही.

आखूड गाडी खड्ड्यातून लवकर निघते, उंचवट्यावर पोट घासत नाही, जागच्या जागी वळते. हे सगळं खरं. पण ती काय मागून घेते, तेही ऐक. समज, माणसं धरून तुझी बग्गी ८०० किलोची झाली आणि तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर आहे. तू जोरात ब्रेक मारलास, गुरुत्वाकर्षणाच्या सहा दशांश इतका. तेव्हा मागच्या चाकांवरचं वजन पुढे सरकतं. २३७५ च्या व्हीलबेसला ते सुमारे १२१ किलो सरकेल, २०३० ला १४२ किलो. वही घे आणि कर: वजन गुणिले ब्रेक गुणिले उंची, भागिले व्हीलबेस. म्हणजे मागची चाकं आणखी हलकी. त्यात तू मागची बॉडी, सीट, पत्रा सगळं उतरवणार, म्हणजे मागे आधीच वजन कमी. मग मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गर्रकन फिरते. वळण घेता घेता उतारावर फिरली तर उलटते. म्हणून पुढच्या-मागच्या ब्रेकचा हिशोब नव्याने मांडावा लागेल. आखूड गाडीचे धोके मला कुणी सांगितले नव्हते, आणि म्हणूनच पुढची गोष्ट तुला सांगतेय. घरात ती फक्त तुझ्या दाजींना माहीत आहे.

मी चोवीस वर्षांची होते. भोसरीतल्या एका छोट्या फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये वेल्डिंगचं काम बघायचे. शेतात चारा वाहायला म्हणून एका माणसाने जुन्या जीपची चॅसी फूटभर आखूड करायला दिली. आम्ही दोन्ही बाजू सरळ उभ्या कापल्या, टोकाला टोक लावलं आणि मी एका बाजूने सलग वेल्ड मारत गेले. सगळं गार झाल्यावर कर्ण मोजले, तर एक दुसऱ्यापेक्षा ११ मिलिमीटर जास्त. शॉपचे मालक म्हणाले, "शेतातच तर फिरायचीय, चालतंय." मी गप्प बसले आणि कागदावर सही केली. बाहेरून पट्टी मारली, रंग दिला. दिसायला इतकी देखणी झाली होती ती. चार महिन्यांनी उतारावर, मागे चारा भरलेला असताना, उजवा चॅनल तुटला. पट्टी जिथे संपत होती, तिथे मी चॅनलच्या लांबीला आडवा, वरपासून खालपर्यंत वेल्ड ओढला होता, बरोबर त्याच्या कडेने चीर गेली होती. पट्टीने मापून काढल्यासारखी सरळ. चालवणाऱ्या काकांचं मनगट मोडलं. ते वाचले, पण त्या मनगटाने नंतर त्यांना पहिल्यासारखं दूध काढता आलं नाही. मी त्यांना भेटायला गेले तेव्हा त्यांनी मलाच चहा दिला. कुठल्याही जोडावर सही करताना मला तो चहा आठवतो.

म्हणून हे काम कसं करायचं ते सांगते. यातलं एकही पाऊल गाळू नकोस.

विटांच्या थप्प्या आधी काढ. शेडच्या कोब्यावर दोन जाड चॅनल किंवा आयबीम टाक, ते लेव्हलमध्ये आण आणि सांगाडा त्यावर चार ठिकाणी बोल्टने धर. हेच तुझं जिग. पुढच्या-मागच्या स्प्रिंगच्या पिनांची मध्यं घेऊन ओळंबा सोड आणि जमिनीवर टिंबं कर. त्या टिंबांमधले कर्ण मोज, दोन वेगवेगळ्या टेपांनी, दोन वेगळ्या दिवशी. सांगाडा जुना आहे, कुठेतरी आपटलेला असणार, म्हणजे कापायच्या आधीच तो वाकडा असू शकतो. तसं असेल तर आधी ते कळलं पाहिजे. कर्णांत तीन मिलिमीटरच्या वर फरक असेल तर मी कुणाला कापू देत नाही, तुलाही देणार नाही.

तुझ्या खडूच्या रेघांपैकी मागची रेघ स्प्रिंगच्या हँगरला जवळजवळ चिकटलेली आहे. तिथे कापायचं नाही. हँगर, क्रॉस मेंबर, ट्रान्सफर केसचे माउंट, स्टिअरिंग बॉक्स, जिथे जिथे जोर येतो तिथून लांब रहा. मधला जो सरळ, साधा भाग आहे, कट तिथेच. आणि उभा सरळ कट नाही. झेडच्या आकाराचा, नाहीतर पंचेचाळीस अंशात तिरपा, म्हणजे जोड एकाच उभ्या रेघेत येत नाही. जिप्सीचा चॅनल पेटीसारखा बंद असतो, म्हणून आत बरोबर बसेल अशी स्लीव्ह घाल, जोडाच्या दोन्ही बाजूंना चार-पाच इंच जाणारी. बाहेरच्या चॅनलला भोकं पाडून ती प्लग वेल्डने धर. बाहेरून पट्टी लावायचीच असेल तर तिची टोकं बर्फीसारखी निमुळती कर. चॅनलच्या वरच्या आणि खालच्या बाजूवर आडवा वेल्ड ओढू नकोस. माझी चीर तिथूनच सुरू झाली होती.

वेल्डिंग कोण करणार, हा खरा प्रश्न. वळणावरच्या ग्रील-गेटवाल्याकडे नेऊ नकोस. त्याचा हात वाईट आहे म्हणून नव्हे. तो खिडक्यांसाठी ६०१३ चा रॉड वापरतो, त्याची झालर सुंदर दिसते, पण गेटचं काम वेगळं आणि चॅसीचं वेगळं. इथे ७०१८ चा लो हायड्रोजन रॉड लागतो, तोही ओव्हनमध्ये सुकवलेला. पावसाळ्यात उघड्या पाकिटातला रॉड ओल धरतो आणि मग वेल्डमध्ये तडे जातात. किंवा सीओटू वेल्डिंग करणारा चांगला माणूस शोध. आधी त्याच जाडीच्या रद्दी तुकड्यांवर जोड मारून घे, तो व्हाइसमध्ये धरून घणाने वाकव. वेल्ड उघडला तर माणूस बदल, लाज बाळगू नकोस. मग सांगाड्यावर आधी चारही बाजूंना टॅक. पुन्हा कर्ण मोज. मग दोन इंच डाव्या चॅनलवर, दोन इंच उजव्यावर, हात लावता येईल इतकं गार होऊ दे, मग पुढचं. पाणी ओतून गार करायचं नाही. शेवटी डीपी टेस्ट करून घे. लाल रंग, पांढरी पावडर, चीर असेल तर लाल रेघ उमटते. खर्च फार नाही.

कामाआधी पेट्रोलची टाकी गाडीवरून उतरवून शेडच्या बाहेर. नुसती रिकामी टाकी जास्त धोक्याची, आतल्या वाफेला ठिणगी पुरते. मामांच्या शेडमध्ये कडबा आहे, तो हलव. तुझी वेणी शर्टच्या आत, ओढणी घरी.

आता रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर तुला वाचवणारा पाइपांचा पिंजरा. तुमच्या बाहाच्या नियमांत एक इंच व्यासाचा, तीन मिलिमीटर जाडीचा पाइप असतो, हे तू मला मोठ्या अभिमानाने सांगितलंस. पण तो नियम एका सिलिंडरच्या, सुमारे १० अश्वशक्तीच्या हलक्या गाडीसाठी आहे. तुझी गाडी तिच्या कितीतरी पट जड. रॅलीच्या गाड्यांसाठी एफआयएच्या नियमांत ड्रायव्हरच्या मागची मुख्य कमान ४५ मिलिमीटर व्यासाच्या, अडीच मिलिमीटर जाडीच्या सीमलेस पाइपची सांगितली आहे. तू तो पाइप घे. पण बाहातल्या दोन गोष्टी जशाच्या तशा उचल: हेल्मेट घातलेलं डोकं केजपासून किमान सहा इंच आत, आणि पट्टे सोडून पाच सेकंदांत गाडीबाहेर. ही पाच सेकंदं मामांसमोर घड्याळ लावून कर. केज बसल्याशिवाय शेडमध्येसुद्धा इंजिन चालू करून गाडी हलवायची नाही.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण इथे वाद घालण्यासारखं काही नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षी आलेल्या १८२अ कलमाने मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे ही गाडी एमएच-१४ ची पाटी लावून चाकण चौकात कधीच उभी राहणार नाही, हे आज मनाशी पक्कं कर. कंपन्यांनासुद्धा नवं मॉडेल रस्त्यावर आणायला एआरएआय किंवा भोसरीच्या सीआयआरटीसारख्या संस्थेतून पास करून घ्यावं लागतं. तुझी जागा म्हणजे मामांचा माळ, कुंपणाच्या आत. दुसरीकडे न्यायची तर पिकअपवर चढवून. कोकणातल्या समुद्रकिनाऱ्याचा विचार तर डोक्यातून काढ. तिथे कासवं अंडी घालतात आणि पोरं खेळतात.

सांगाडा कुठून आणलास तेही मला कळायला हवं. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने कुदळवाडीतल्या भंगाराच्या शेड पाडल्या, तेव्हापासून तिथला माल कुठून कुठे गेला ते कुणी सांगू शकत नाही. चॅसी नंबर दिसतोय का? तो आरसी बुकाशी जुळतो का? आधीच्या मालकाने नोंदणी रद्द केली आहे का? कागद नसतील तर तो सांगाडा परत दे, पैसे बुडाले तरी चालतील, मी देईन. आणि नंबर कोरलेल्या जागेला ग्राइंडर लागता कामा नये.

आणि आता जे मला खरं बोलायचं होतं. हे सगळं अचानक रविवारीच का करायचंय, ते मला माहीत आहे. बाहाच्या टीममध्ये तुला कॉस्ट रिपोर्ट आणि प्रेझेंटेशन दिलं आणि चॅसीचं काम पोरांनी वाटून घेतलं. तू मला ते हसत सांगितलंस, पण मला ऐकू आलं. माझ्या वेळीही वेल्डिंगचं हेल्मेट मागितलं की "मॅडम, तुम्ही फोटो काढा" म्हणायचे. १९७४ मध्ये टाटांच्या टेल्कोच्या जाहिरातीत बायकांनी अर्ज करू नयेत असं लिहिलं होतं, सुधा मूर्तींनी थेट जेआरडींना पोस्टकार्ड पाठवलं आणि त्या टेल्कोत पुण्याला इंजिनिअर म्हणून रुजू झाल्या. आज टाटांच्या इथल्याच कारखान्यात हॅरियर आणि सफारीची आख्खी लाइन बायका चालवतात. म्हणजे दार उघडतं, पण ते ठोठवावं लागतं. सोमवारी फॅकल्टीकडे जा आणि स्पष्ट सांग की मला केजच्या वेल्डिंगमध्ये काम हवंय. सोबत तू स्वतः जोडून, वाकवून तपासलेले तुकडे ने. मोरवाडीच्या आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकवणारे सर आहेत, त्यांनाही जाऊन भेट, नुसतं बघायला बसू देतात का विचार. पण राग मनात ठेवून ग्राइंडर हातात घेऊ नकोस. त्या पोरांना दाखवायला म्हणून रविवारी कापलंस, तर घाई होईल, आणि घाईत माणूस कर्ण एकदाच मोजतो.

आणि गाडी झाली की पहिल्या दिवशी शेजारच्या सीटवर कुणालाही बसवायचं नाही. मामांच्या पोरांनाही नाही, ती कितीही रडली तरी.

रविवारी मी येतेय. ओळंबा, गुनिया आणि मोठी स्टील टेप माझ्याकडे आहे, तू फक्त चुन्याची दोरी आणि कोरी वही आण. त्या दिवशी आपण कापणार नाही, फक्त मोजणार आहोत. तोवर त्या पिवळ्या रेघा ओल्या फडक्याने पुसून टाक आणि मला आरसीचा फोटो पाठव.